अडेनियमचा बुंधा दर पावसाळ्यात पुन्हा पुन्हा का कुजतो?

जुलैच्या मध्यावर अडेनियम या शोभेच्या फुलझाडाचा फुगीर बुंधा एका बाजूने मऊ पडतो आणि पाने पिवळी होऊन गळतात. कुजलेला भाग कापून व बुरशीनाशक लावून झाड कसेबसे वाचवले जाते, उन्हाळ्यात ते पालवते, फुलतेसुद्धा, आणि पुढच्या जुलैत तीच कूज त्याच झाडाला पुन्हा गाठते. एखादे झाड एकदाच कुजले तर तो अपघात म्हणता येईल. दरवर्षी कुजणाऱ्या झाडाच्या बाबतीत मात्र कुंडीत किंवा वर्षभराच्या देखभालीत काहीतरी कायमचे बिघडलेले असते, आणि ते बहुधा पावसाळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी बिघडलेले असते. जुलैत आपल्याला फक्त त्याचा परिणाम दिसतो. म्हणून येथे कापण्याच्या कृतीपेक्षा कारण शोधण्यावर अधिक भर दिला आहे.

दोष सरसकट पावसावर टाकणे मला पटत नाही. अडेनियम ओबेसम ही जाती सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेलच्या पट्ट्यात, सेनेगलपासून सुदान, इथिओपिया आणि सोमालियापर्यंत, तसेच खाली केनिया व टांझानियात आणि समुद्रापलीकडे अरबस्तानाच्या दक्षिण भागात रानात वाढते. साहेलमध्येही पाऊस उन्हाळ्याच्या महिन्यांतच पडतो, आणि याच काळात हे झाड पानांनी भरलेले असते. म्हणजे ऊबदार हवेतील पाऊस हा त्याच्या वाढीचा हंगामच आहे. फरक आहे तो प्रमाणाचा आणि उन्हाचा. साहेलमध्ये वर्षाकाठी साधारण दोनशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, सरी मोठ्या असल्या तरी त्यांच्यामध्ये कडक ऊन असते, आणि मुळे खडकाळ उतारावर किंवा वाळूत असल्यामुळे पाणी त्यांच्यापाशी थांबत नाही. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात आठशे मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस होतो आणि कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. पानांना ऊन मिळाले नाही की झाड पाणी ओढणे जवळजवळ थांबवते, मातीतील ओल आहे तेथेच राहते, मुळांना हवा मिळेनाशी होते, आणि गुदमरून मेलेल्या मुळांतून कूज वर बुंध्यात शिरते. त्यामुळे झाड छपराखाली ठेवले तरी कूज थांबेलच असे नाही. दमट, ढगाळ हवेत कुंडीचा तळ ओला असला, तर वरून एकही थेंब न पडता झाड कुजू शकते.

आधी खात्री करावी: कूज की तहान

बुंधा दाबल्यावर मऊ लागला की घाबरून झाड उपटण्याची घाई होते. बुंध्यात पाण्याचा साठा असतो, आणि तो साठा वापरला गेला की बुंधा सगळीकडून सारखाच किंचित मऊ होतो, सालीवर बारीक सुरकुत्या पडतात, पण साल आतल्या गरावरून सरकत नाही, रंग बदलत नाही आणि वासही येत नाही. ही तहान आहे, आणि मुळे जिवंत असतील तर एकदोनदा पाणी मिळाल्यावर बुंधा काही दिवसांत घट्ट होतो.

कूज एका जागी असते. तेथे बोट सहज आत जाते, साल गडद व ओलसर दिसते, दाबल्यास पाणी सुटते, आणि जिवाणूंमुळे झालेल्या मऊ कुजीत दुर्गंधी येते. तिसरी अवस्था या दोन्हींच्या मधली आहे आणि फसगत बहुतेक वेळा तेथेच होते: माती ओली आहे आणि तरीही बुंधा सगळीकडून मऊ व सुरकुतलेला आहे. याचा अर्थ झाड ओल्या मातीत तहानलेले आहे, म्हणजेच पाणी शोषणारी मुळे आधीच मेलेली आहेत. अशा झाडाला कोमेजलेले पाहून आणखी पाणी घातले जाते आणि जे दोन आठवड्यांनी व्हायचे ते चार दिवसांत होते. ओली माती आणि मऊ बुंधा ही जोडी दिसली, तर दुर्गंधीची वाट न पाहता झाड त्याच दिवशी कुंडीबाहेर काढावे.

हिवाळ्यात पाने पिवळी पडून गळणे हा वेगळा प्रकार आहे. रात्री थंड झाल्या की हे झाड विश्रांती घेते, आणि बुंधा घट्ट असेल तर त्यात काळजीचे काही नाही.

कूज कोठून सुरू झाली

कापण्यापूर्वी किंवा कापताना ही नोंद आवर्जून करावी, कारण कुजीची सुरुवातीची जागाच कारण सांगते आणि कापून फेकून दिल्यावर तो पुरावा परत मिळत नाही.

तळातून, मुळांच्या टोकांकडून वर चढलेली कूज म्हणजे कुंडीतील मिश्रण, निचरा किंवा पाणी देण्याची वेळ यांतील दोष. वारंवार कुजणारी बहुसंख्य झाडे याच गटात मोडतात.

बुंध्याच्या एका बाजूवर, मातीच्या वरच्या भागात, तपकिरी व खोलगट डागापासून सुरू झालेली कूज बहुतेकदा एप्रिल-मे मधील उन्हाने भाजलेल्या सालीतून आत शिरलेली असते. मुळे दिसावीत म्हणून झाड कुंडीत वर उचलून लावले, किंवा सावलीत असलेली बाजू अचानक पश्चिमेच्या उन्हाकडे फिरवली, तर ती कोवळी साल भाजते, मेलेली साल उन्हाळाभर कोरडी व निरुपद्रवी दिसते, आणि पहिल्या पावसात भिजून तेथून कूज सुरू होते. यावर उपाय अगदी साधा आहे. कुंडी हलवताना तिच्या कडेला खूण करून तीच बाजू त्याच दिशेला ठेवावी, आणि नव्याने उघडी केलेली मुळे काही आठवडे शेडनेटखाली किंवा वाळलेल्या पानांच्या आच्छादनाखाली ठेवावीत.

फांदीच्या टोकाकडून खाली उतरणारी कूज ही छाटणीच्या जखमेतून किंवा थंडीने मेलेल्या शेंड्यातून येते. निफाडसारख्या ठिकाणी, जेथे जानेवारीत पारा पाच अंशांच्याही खाली जातो, तेथे हे नेहमीचेच आहे. फांदी निरोगी भागापर्यंत कापली की प्रश्न मिटतो. कलम केलेल्या झाडांत कलमाच्या सांध्यापाशी कूज असेल तर सांधा नीट जुळला नव्हता असे समजावे. ते झाड दरवर्षी तेथेच दगा देईल, म्हणून खालचा निरोगी बुंधा राखून त्यावर नव्याने कलम करणे श्रेयस्कर.

कुंडीचा तळ

तळातून येणाऱ्या कुजीबद्दल अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण आपल्याकडे रूढ असलेली एक पद्धत येथे नेमकी उलटी काम करते. कुंडीच्या तळाशी विटांचे मोठे तुकडे किंवा खडी यांचा थर देऊन वर माती भरली की निचरा चांगला होतो, असे सर्वत्र सांगितले जाते. प्रत्यक्षात बारीक कणांच्या मिश्रणातले पाणी खालच्या मोठ्या कणांच्या थरात सहज उतरत नाही. ते दोन थरांच्या सीमेवर अडून राहते. दोरीवर वाळत घातलेल्या पंच्याची खालची कड सर्वांत शेवटपर्यंत ओली असते, तसाच प्रत्येक कुंडीत मिश्रणाच्या तळाशी ओलीचा एक पट्टा असतो, आणि त्या पट्ट्याची उंची मिश्रणाच्या कणांच्या आकारावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. तळाला विटांचा थर दिल्याने हा पट्टा नाहीसा होत नाही, उलट तेवढाच वर, मुळांच्या आणि बुंध्याच्या अधिक जवळ सरकतो. छिद्रावर जाळीचा तुकडा पुरेसा आहे. विटांचे तुकडे हवेतच, पण ते मिश्रणात सर्वत्र असायला हवेत.

आपल्या कुंडीत हा पट्टा किती आहे ते पाहण्याची एक सोपी चाचणी आहे. कुंडीला भरपूर पाणी द्यावे, छिद्रातून ठिबकणे पूर्ण थांबू द्यावे, आणि मग कुंडी सुमारे पंचेचाळीस अंशांत तिरकी करावी. पुन्हा पाणी वाहू लागले तर ते याच पट्ट्यातील पाणी होय, आणि जेवढे अधिक येईल तेवढा कुजीचा धोका अधिक. हीच चाचणी आणीबाणीचा उपायही आहे. भर पावसाळ्यात मिश्रण बदलणे शक्य नसेल, तर कुंडीच्या एका बाजूखाली वीट ठेवून ती कायम तिरकी ठेवावी, किंवा तळाच्या छिद्रातून नायलॉनच्या जाड दोरीचा तुकडा वीतभर आत सरकवून उरलेला खाली लोंबता सोडावा. दोरीवाटे पाणी खाली ओघळत राहते आणि तळाची ओल बरीच कमी होते. सुती दोरी वापरू नये, ती स्वतःच कुजते.

मिश्रणाबाबत मुख्य नियम एकच आहे: धूळ आणि बारीक कण नकोत. तीन ते सहा मिलिमीटर आकाराचे विटांचे तुकडे, धुतलेली जाडी वाळू, लाकडी कोळशाचे तुकडे, प्युमिस किंवा परलाईट (हलके, सच्छिद्र खनिज कण), यांपैकी जे जवळ मिळेल ते चालते, परंतु प्रत्येक वस्तू मच्छरदाणीच्या जाळीवर चाळून खाली पडलेली पूड टाकून द्यावी. कोकणात जांभ्याचा चुरा मुबलक मिळतो आणि तो सच्छिद्र असल्यामुळे उत्तम काम करतो. देशावर मुरूम वापरला जातो, पण त्यात मातीचे प्रमाण बरेच असते, म्हणून तो धुतल्याखेरीज घेऊ नये. काळी माती मूठभरही घालू नये. ती ओली झाली की फुगते, सुकली की आवळते, आणि दोन्ही अवस्थांत मुळांना त्रास देते. कोकण किनारपट्टीवर दहा भागांपैकी आठ भाग असे खडबडीत कण आणि दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) व चांगले कुजलेले खत पुरेसे आहे. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात कुंडी दिवसभरात सुकून जाते, तेथे सेंद्रिय भाग तीन ते चारपर्यंत वाढवावा. मूठभर निंबोळी पेंड घालण्यास हरकत नाही. ताजे शेणखत मात्र कोणत्याही परिस्थितीत नको.

मिश्रण बदलूनही झाड कुजले, असे सांगणाऱ्यांनी मुळांच्या गोळ्याचा गाभा तपासावा. रोपवाटिकेतून येणारी बहुतेक झाडे निव्वळ कोकोपीटमध्ये किंवा लाल मातीत वाढवलेली असतात, आणि घरी आणल्यावर तो गोळा तसाच नव्या खडबडीत मिश्रणात बसवला जातो. बाहेरचे मिश्रण दोन दिवसांत सुकते, आतला गोळा आठ-दहा दिवस चिंब राहतो, आणि वरून बोटाने पाहणाऱ्याला सारे कोरडे वाटते. पाण्याच्या धारेखाली धरून हा गोळा पूर्णपणे मोकळा करणे आवश्यक आहे, मग त्यात काही बारीक मुळे तुटली तरी चालतील.

कुंडी बुंध्यापेक्षा चार बोटांहून अधिक रुंद नसावी, कारण मुळे नसलेल्या मिश्रणातील ओल कोणीच शोषत नाही. कुंडीखालची बशी पावसाळ्यात काढून ठेवावी. फरशीवर सपाट टेकलेल्या कुंडीचे छिद्र फरशीनेच बंद होते, तेव्हा तिच्याखाली फरशीचे तीन तुकडे ठेवावेत. ही बाब किरकोळ वाटते, पण गच्चीवरच्या बागांत ती फार वेळा आढळते.

जानेवारीत आणि जूनमध्ये काय झाले होते

कुंडी निर्दोष असूनही कूज परत येत असेल तर वेळापत्रक तपासावे. रात्रीचे तापमान बारा-पंधरा अंशांखाली गेले की अडेनियमची मुळे जवळजवळ निष्क्रिय होतात. पाने गळलेल्या झाडाला बागेतील इतर झाडांबरोबर सवयीने पाणी मिळत राहिले, तर डिसेंबर-जानेवारीतच काही मुळे मरतात. उन्हाळ्यात वरचे मिश्रण भराभर सुकते, झाड उरलेल्या मुळांवर तग धरते, आणि मृत मुळांमधील जंतूंना जूनच्या ओलीत पुन्हा वाव मिळतो. पुणे, नाशिक, विदर्भ आणि मराठवाडा येथे हे कारण मी सर्वांत आधी तपासेन. मुंबई आणि किनारपट्टीवर थंडी तेवढी नसते, तेथे ते क्वचित आढळते. पाने नसलेल्या झाडाला हिवाळ्यात महिन्यातून एकदा थोडे पाणी, तेही उबदार दिवशी सकाळी, एवढेच पुरे.

दुसरे कारण आपल्या बागकामाच्या परंपरेतून येते. झाडे लावायची, कुंड्या बदलायच्या त्या मृगाच्या पावसावर, ही रीत आंब्या-पेरूसाठी योग्य असली तरी अडेनियमसाठी घातक आहे. कुंडी बदलताना मुळांना जखमा होतातच, आणि त्या सुकून बंद व्हायला कोरडी, उष्ण हवा लागते. जूनमध्ये जखमी मुळे ओल्या मिश्रणात गेली की जुलैत कूज दिसते. कुंडी बदलण्याचा आणि मुळे छाटण्याचा काळ म्हणजे फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत, नवी पालवी फुटू लागल्यावर. त्यानंतर आठवडाभर पाणी देऊ नये.

उन्हाळ्यात पूर्ण उन्हातील झाडाला रोज किंवा एक दिवसाआड पाणी लागू शकते, आणि त्या काळात हात आखडता घेण्याचे कारण नाही. पावसाळ्यात आडोशाला ठेवलेल्या झाडाला पाणी देण्यापूर्वी कुंडी उचलून वजन पाहावे, किंवा बांबूची काडी तळापर्यंत खुपसून तासाभराने बाहेर काढावी. काडी थंड किंवा ओलसर लागली तर पाणी देऊ नये. वरच्या मिश्रणात बोट घालून पाहणे या झाडासाठी निरर्थक आहे. युरिया किंवा नत्र अधिक असलेली कोणतीही खते मेअखेर बंद करावीत, कारण त्यांनी होणारी कोवळी, पाणचट वाढच पावसाळ्यात सर्वांत आधी कुजते.

बुरशीनाशकाने थांबत का नाही

कार्बेन्डाझिमची पूड घरोघरी असते आणि ती प्रत्येक कुजीवर वापरली जाते. फ्युजेरियमसारख्या बुरशीवर तिचा उपयोग होतो. पण ओल्या मातीत मुळे कुजवणाऱ्या पिथियम आणि फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जंतूंवर तिचा परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी मेटालॅक्सिल असलेले औषध लागते. जिवाणूंच्या दुर्गंधीयुक्त कुजीवर यांपैकी काहीच चालत नाही, तेथे कॉपर ऑक्सिक्लोराईडची थोडीफार मदत होते. डोळ्यांनी पाहून नेमका जंतू ओळखणे घरी शक्य नसल्यामुळे औषध हा अंदाजच राहतो. मेलेले पेशीजाल कोणत्याही औषधाने जिवंत होत नाही आणि तळाशी पाणी साचत असेल तर औषध काही आठवड्यांत निष्प्रभ ठरते, म्हणून त्याला दुय्यम स्थान द्यावे. हळद लावल्याने कापलेला भाग कोरडा व्हायला थोडी मदत होते. ती लावायला ना नाही, फक्त कापण्याऐवजी लावू नये.

आता कुजलेले झाड वाचवताना

अडेनियम कण्हेरीच्याच कुळातले आहे. स्वीडिश निसर्गअभ्यासक पेर फोर्सकोल याने येमेनमध्ये केलेली त्याची नोंद त्याच्या मृत्यूनंतर १७७५ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा तर ते कण्हेरीच्याच प्रजातीत धरले होते. याच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात, आणि आफ्रिकेत बाणांच्या टोकांना लावण्याचे विष त्यापासून करतात. म्हणून कापताना हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये, आणि तुकडे मुले व कुत्री-मांजरे यांच्या हाती वा तोंडी लागू देऊ नयेत.

झाड बाहेर काढून मुळे धुवावीत आणि धारदार सुरीने कूज कापत जावे. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसणे अत्यावश्यक आहे, अन्यथा तीच सुरी जंतू निरोगी गरात नेते. कापलेला पृष्ठभाग पूर्ण पांढरट आणि घट्ट दिसेपर्यंत थांबू नये. एखादा तपकिरी ठिपका किंवा रेषा राहिली तर कूज तेथूनच परतते. बुंध्याचा सुंदर आकार जाईल म्हणून हात थबकतो, तेव्हा दोन मिलिमीटर अधिक कापलेले चांगले. पाणी साचू नये म्हणून काप उतरता असावा. मेण, गोंद किंवा शेण यांनी जखम लिंपू नये.

कापलेले झाड सावलीत, हवेशीर जागी टांगून ठेवावे. उन्हाळ्यात आठवडाभरात जखमेवर कोरडी खपली धरते. जुलैच्या दमट हवेत दोन-तीन आठवडे लागतात आणि पंखा सतत चालू ठेवल्यास खपली लवकर धरते. बुंध्यात साठा असल्यामुळे एवढा काळ मातीविना राहिल्याने झाड मरत नाही. त्यानंतर कोरड्या, निव्वळ खडबडीत मिश्रणात जखम जेमतेम झाकेल इतक्याच खोलीवर बसवून काठीचा आधार द्यावा, आणि आठ-दहा दिवसांनी अगदी थोडे पाणी सुरू करावे. नवी पाने आली म्हणजे मुळे आली असे नाही, कारण ती पाने बुंध्यातील साठ्यावरही फुटतात. झाड हळूच हलवल्यावर मिश्रण धरून राहिले तर मुळे आली असे समजावे. ऑगस्टनंतर वाचवलेल्या झाडाला पुढचा संपूर्ण हिवाळा कोरडाच ठेवावा.

बुंध्याच्या आतला गाभा वरपर्यंत तपकिरी झाला असेल तर तो सोडून द्यावा आणि निरोगी फांद्या घ्याव्यात. त्या आठवडाभर सुकवून वाळूत लावल्या की सहज मुळे धरतात, परंतु फांदीपासून केलेल्या झाडाचा बुंधा बियांच्या रोपासारखा फुगत नाही. फुलाची जात टिकवायची असेल, तर बियांपासून वाढवलेल्या आणि अंगठ्याएवढा जाड बुंधा धरलेल्या रोपावर तिचे कलम करावे. फांद्या जुलैत हाती आल्या असतील तर त्या तोवर वाळूतच वाढू द्याव्यात, आणि कलम मार्च-एप्रिलमध्ये, कोरड्या हवेत बांधावे.